ओठ मिटणारे शब्द

मिन साहेबांनी आमचा तक्ता वरपासून खालपर्यंत एकदा पाहिला. मग तो पालथा करून टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात दाबून धरला, वाऱ्याने उडून जाईल अशी भीती असल्यासारखा. कॉन्फरन्स रूममध्ये वारा नव्हता.

"हे कोणी केलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"आम्ही सगळ्यांनी, मिन-सान," निगडेबाई म्हणाल्या आणि सवयीने कमरेत किंचित वाकल्या. नावापुढे 'सान' लावणं आणि वाकणं, दोन्ही जपानी. बाईंच्या अंगात ते इतकं मुरलेलं होतं की भाजीवाल्याकडून सुटे पैसे घेतानाही त्या वाकत. मिन साहेबांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली. ती फक्त मी पाहिली असावी, कारण माझी नोकरीतली पहिली काही वर्षं तराजूच्या काट्याकडे एकटक बघण्यातच गेली होती.

रांजणगावच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना गिअर बनवायचा. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन तिथल्या धातू प्रयोगशाळेत लागले. भट्ट्या जपानी, त्यांचे कागद जपानी. भाषांतर येईपर्यंत थांबायचं, तोवर माल खराब व्हायचा. म्हणून मी जपानी शिकले आणि शिकले म्हणून मला प्रयोगशाळेतून उचलून भाषांतर विभागात बसवलं. तिथे आम्ही चौघी होतो. निगडेबाई प्रमुख. आम्हां सगळ्यांचं जपानी त्यांच्या हाताखाली तयार झालेलं. रुबिना आत्तार सर्वांत लहान, शिरूरची, तोंडाने तिखट. प्रणोती साळगावकर चिनीही शिकलेली, कारण मधल्या काळात कारखान्याने दोन चिनी भट्ट्या घेतल्या होत्या. आणि मी, सुलक्षणा पोतनीस.

मग जपानी मालकांनी कारखाना एका कोरियन कंपनीला विकला. मिन साहेब तांत्रिक संचालक म्हणून आले. कागद कोरियन भाषेत येऊ लागले. एचआरचे ढमढेरे साहेब एके दुपारी आमच्या खोलीत आले, खुर्ची उलटी करून तिच्यावर बसले आणि गोड आवाजात म्हणाले की बायांनो, महिनाअखेरीला ही खोली बंद. चेन्नईहून कोरियन दुभाषे यायचे आहेत. तुमचं जपानी फर्स्ट क्लास आहे, पण आता ऐकायला इथे जपानी माणूसच राहिला नाही.

त्याच आठवड्यात मी कॅन्टीनमध्ये दोन कोरियन इंजिनिअरांच्या मागच्या टेबलावर जेवत होते. ते भट्टीवरून वाद घालत होते. त्या गडबडीत एक शब्द मला पुन्हापुन्हा ऐकू आला: 'योल्छोरी'. मी घास हातात धरून थांबले. उष्णताप्रक्रियेला जपानीत 'नेत्सुशोरी' म्हणतात. चिनी भट्टी लावायला आलेली माणसं त्यालाच 'रअछूली' म्हणत.

तिन्ही देशांनी हा शब्द त्याच तीन चिनी अक्षरांतून घेतला होता. अक्षरं एक, उच्चार तीन. हे जगात अनेकांना ठाऊक असेल, मला नव्हतं. मला एवढंच दिसलं की उष्णतेच्या अक्षराला जपानीत शेवटी 'त्सु' आहे, कोरियनमध्ये 'ल' आहे आणि चिनीत शेवटी काहीच नाही. मग मी बाकीची अक्षरं तपासायला घेतली. लोखंड: जपानीत तेत्सु, कोरियनमध्ये छोल, चिनीत थ्ये. घनतेतलं पहिलं अक्षर: मित्सु, मिल, मी. जिथे जपानी 'त्सु', तिथे कोरियन 'ल'. जिथे जपानी 'कु', तिथे कोरियन 'क'. जपानी 'न'च्या जागी कोरियनमध्ये कधी 'न', कधी 'म'. असे नियम जमत गेले. मी ते पाठ करण्यासाठी लिहिले नाहीत. मी आधी जपानी शब्दावरून कोरियन शब्द काय असेल ते ठरवायची आणि मग त्या इंजिनिअरांपैकी एकाला विचारायची. माझं उत्तर बरोबर आलं की तो म्हणायचा, तुम्ही कोरियन कुठे शिकलात? मी म्हणायची, शिकले नाही.

म्हणजे आमच्या चौघींच्या डोक्यात कोरियन तांत्रिक शब्द आधीच होते. फक्त उच्चार बदलायचे होते. महिन्या-दोन महिन्यांत आम्ही कोरियन कागद हाताळू शकलो असतो. हे सांगण्यासाठी मी तो तक्ता केला आणि ढमढेऱ्यांच्या मागे लागून मिन साहेबांची वेळ घेतली. तक्त्यात मी चिनी रकाना पहिला ठेवला होता. निगडेबाईंनी तो काढायला लावला. आपल्याला काय येतं ते आधी दिसू दे, त्या म्हणाल्या. मग डावीकडे जपानी, मधे बाण, उजवीकडे कोरियन असं झालं. मला ते खटकलं होतं, पण कारण सांगता आलं नव्हतं.

कारण आता मिन साहेबांनी सांगितलं. आवाज न चढवता.

"या कागदावर असं लिहिलंय की माझी भाषा जपानी भाषेतून निघते."

निगडेबाई नाही नाही म्हणू लागल्या. मिन साहेबांनी हात वर केला. त्यांनी सांगितलं की त्यांचे आजोबा शाळेत होते तेव्हा कोरियावर जपानचं राज्य होतं. वर्गात स्वतःच्या भाषेत बोललं की छड्या बसत. आजोबांना कागदोपत्री जपानी नाव घ्यावं लागलं. घरात ते नाव कोणी उच्चारत नसे. एवढं सांगून ते उठले.

ढमढेरे लगेच उठले. त्यांनी मराठीत पुटपुटून आम्हांला खूण केली, चला, आटपा. रुबिनाने माझ्याकडे पाहिलं. तिने काही दिवसांपूर्वी सांगितलं होतं की नोकरी गेली तर मामू तिला पुण्यात एक दिवस राहू देणार नाहीत. सामान बांधून शिरूर, आणि मग लग्न.

मी बैठकीत बोलत नसे. वीस शब्दांचं काम सहा शब्दांत करायची माझी ख्याती होती. पण मिन साहेब दारापाशी पोचले होते.

"साहेब, रकाने चुकलेत," मी म्हणाले. "नियम चुकलेला नाही."

ते थांबले.

मी म्हणाले की एका आईच्या दोन मुली वेगवेगळ्या घरी गेल्या. आम्ही धाकटीच्या घरातून थोरलीकडे रस्ता काढला, कारण आमची ओळख धाकटीशी होती. चूक एवढीच. रकाने नीट लावून दाखवते. जेवणानंतर वीस मिनिटं द्या. शब्द तुमचे. तुम्हाला हवे ते, हव्या त्या पुस्तकातले.

"थोरली कोण?" त्यांनी विचारलं.

"ते दुपारी कळेल."

ते परत टेबलाशी आले. मग म्हणाले की ठीक, पण उत्तरं तक्ता करणारीने द्यायची नाहीत, तिचे शब्द पाठ असतील. त्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली आणि रुबिनाकडे बोट केलं. "ही देईल."

आम्ही आमच्या खोलीत परत आलो. आल्यावर रुबिना म्हणाली, "पोतनीस ताई, थोरली-धाकटी करत तुम्ही माझी मान दिलीत."

निगडेबाई खिडकीशी उभ्या होत्या. डबा उघडला नव्हता. त्यांनी तीस वर्षं जपानी शिकवलं होतं. त्यांच्या जपानी गुरू दर नववर्षाला त्यांना हाताने लिहिलेलं पत्र पाठवत. त्या जपानबद्दल बोलायच्या तेव्हा माहेराबद्दल बोलल्यासारखा आवाज व्हायचा.

"माझ्या डोक्यात आलंच नाही गं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "त्या माणसाला मी सान म्हटलं."

मी त्यांच्या डब्याचं झाकण उघडून ठेवलं.

प्रणोतीने तोवर फळ्यावर नवा तक्ता आखायला घेतला होता. डावीकडे चिनी. मग शेजारीशेजारी, सारख्या रुंदीचे, कोरियन आणि जपानी. बाण एकही नाही. ती भराभर चिनी उच्चार भरत गेली आणि रकाना भरत आला तशी मला एक गोष्ट दिसली. आजच्या चिनीत शब्दांचे शेवट झिजून गेलेले होते. जपानीत ते होते, पण शेवटी स्वर लागून पसरलेले. कोरियनमध्ये ते बंद आणि नेटके होते. 'म' आणि 'न'चा भेदसुद्धा कोरियनने ठेवला होता, जपानीने दोन्हींचा 'न' करून टाकला होता.

मग मी रुबिनाला बसवलं आणि एक अट घातली. जो शब्द तिन्ही रकान्यांत बसत नाही, तो ओढूनताणून बसवायचा नाही. येत नसेल तर येत नाही म्हणायचं. आणि शब्द कोरियन लोकांचा स्वतःचा वाटला तर तसं सांगायचं.

"म्हणजे परीक्षेत कोरा पेपर द्यायचा?" रुबिना म्हणाली. "आमच्या शाळेत कोरा पेपर दिला की बाई आईला बोलवायच्या."

मी तिला सांगितलं की प्रयोगशाळेत प्रत्येक चाचणीआधी आम्ही एक कोरा नमुना यंत्रात घालतो. नुसतं शुद्ध पाणी. त्यात यंत्राने काहीच दाखवायला नको. पाण्यातही लोखंड दाखवणारं यंत्र खऱ्या नमुन्यात लोखंड दाखवतं तेव्हा त्यावर कोण विश्वास ठेवेल?

"मी यंत्र," रुबिना म्हणाली. "छान. जेवते आता."

दुपारी मिन साहेब एक जाड, तेलकट डागांचं पुस्तक घेऊन आले. आम्ही फळा ढकलत कॉन्फरन्स रूममध्ये नेला होता. त्यांनी तो उभ्याने वाचला. चिनी रकाना, मग त्यांचा, मग जपानी. ते 'म' आणि 'न'च्या ओळीपाशी बराच वेळ थांबले. मग बसले, पुस्तक मधेच कुठेतरी उघडलं आणि पहिला शब्द वाचला.

"छिम्तान."

रुबिनाने फळ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. छिम, म्हणून जपानीत शिन. तान तसंच तान. "शिन्तान," ती म्हणाली. "पोलादात कार्बन मुरवणं."

मिन साहेबांनी पान उलटलं. "पुम्जिल."

"हिन्शित्सु. गुणवत्ता."

"सोक्दो."

"सोकुदो. वेग."

तिचा आवाज प्रत्येक शब्दागणिक खाली येत गेला, म्हणजे भीती कमी होत गेली. ढमढेरे सुरुवातीला मोबाइल बघत होते, तो त्यांनी खिशात घातला. मी भिंतीशी खुर्चीवर बसले होते आणि मला बोलायची बंदी होती. माझे हात मांडीखाली होते. काही शब्द मला तिच्याआधी कळत होते, काही तिच्यानंतर. एकदा ती माझ्याही पुढे गेली.

मग मिन साहेब म्हणाले, "युआप."

रोज कानावर पडणारा असावा असा साधा, छोटा शब्द. यु म्हणजे तेल, ते रुबिनाला लगेच कळलं. 'आप'ला फळ्यावर जागा नव्हती. तिने दोनदा सगळे रकाने पाहिले आणि म्हणाली, "अर्धा येतो. पुढचा येत नाही."

मिन साहेबांनी पेन्सिलीने खूण केली. पुढचे दोन-तीन शब्द आले. मग 'सुप्दो' अडला. त्यातलं दो म्हणजे प्रमाण किंवा अंश, पण सुप कशाचं? मग 'योङ्जोप' अडला. प्रत्येक वेळी रुबिनाने येत नाही म्हटलं आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे असं पाहिलं की कोऱ्या पेपराची कल्पना कोणाची होती ते विसरू नका.

शेवटी साहेबांनी पुस्तक मिटलं. एक शब्द त्यांनी पुस्तकात न बघताच म्हटला.

"दामगुमजिल."

रुबिना सरसावून बसली. गुम, तिला माहीत होतं, म्हणजे धातू, जपानीत किन. जिल म्हणजे गुण, शित्सु, आत्ताच येऊन गेलेला. दाम म्हणजे जपानीत तान, त्या आवाजाची चार-पाच अक्षरं होती. सगळे आवाज जुळत होते. धातूच्या गुणाबद्दलचा काहीतरी शब्द. कारखान्यात दुसरा कशाचा असणार?

"मेटल क्वालिटी," ढमढेरे मराठीत पुटपुटले. "बोलून टाक, पोरी."

मला तो शब्द माहीत नव्हता. मलाही मेटल क्वालिटीच वाटलं. मी ओरडून सांगितलं नाही ते केवळ बंदी होती म्हणून.

रुबिनाने तोंड उघडलं आणि मिटलं. ती प्रणोतीकडे वळली. "ताई, ही तीन अक्षरं चिनीत एकापुढे एक ठेवली तर काही शब्द होतो?"

प्रणोतीने डोळे मिटून ती मनात लावून पाहिली. दामसाठी एक अक्षर धरलं, मग दुसरं, मग तिसरं. "काहीच होत नाही. चिनी माणूस हसेल."

"जपानीतही होत नाही," रुबिना म्हणाली. ती काही क्षण फळ्याच्या पहिल्या रकान्याकडे बघत राहिली, सकाळी नसलेल्या रकान्याकडे. मग मिन साहेबांकडे वळून तिने हळू, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "आवाज जुळतात, पण अर्थ जुळत नाही. हा शब्द कोणाकडून आलेला नाही. हा तुमचा आहे."

ढमढेऱ्यांनी कपाळाला हात लावला.

मिन साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "तापलेलं पोलाद पाण्यात बुडवतात, त्याला आम्ही दामगुमजिल म्हणतो. बरोबर आहे. तो आमचाच शब्द आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "मला हेच बघायचं होतं. तुम्ही सगळं कोणाकडून तरी आलंय असं ठरवता की नाही."

रुबिना खुर्चीत मागे टेकली. मला वाटलं, झालं. पण ते झालं नव्हतं. त्यांनी आपल्या खुणांकडे पाहिलं आणि सांगितलं की पद्धत खरी आहे, त्यांना ती आवडली. पण युआप म्हणजे हायड्रॉलिक दाब. योङ्जोप म्हणजे वेल्डिंग. सुप्दो म्हणजे हवेतला दमटपणा. कारखान्यात नेमके हेच तीन शब्द ज्याला कळत नाहीत त्याच्या हातात ते भट्टीचं पुस्तक देऊ शकत नाहीत. चुकलं तर माणूस भाजेल. "मला वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं.

ढमढेरे खुर्ची मागे सारू लागले. रुबिना फळ्याकडे बघत होती, पण ती काही वाचत नव्हती.

मी तिन्ही शब्द एका ओळीत मनात मांडले. युआप. योङ्जोप. सुप्दो. जपानीत युआत्सु, योसेत्सु, शित्सुदो. आत्सु, सेत्सु, शित्सु. तिन्हींना जपानीत त्सु, म्हणून माझ्या नियमाने कोरियनमध्ये ल हवा. तिन्ही ठिकाणी ल नाही. आणि तिन्ही ठिकाणी जे आलं होतं ते एकच होतं.

प्रयोगात चुका सगळीकडे विखुरलेल्या असतील तर त्यांचं काही करता येत नाही. सगळ्या एकाच बाजूला पडल्या असतील तर तिथे कोणीतरी उभं असतं.

"साहेब, मला आता बोलता येईल का?" मी विचारलं. "परीक्षा संपली ना?"

त्यांनी मान डोलावली. मी फळ्यापाशी गेले, तिन्ही शब्द लिहिले आणि त्यांना ते मोठ्याने म्हणायला सांगितलं. त्यांनी म्हटले. "तिन्ही वेळा त्या अक्षराच्या शेवटी तुमचे ओठ मिटतात," मी म्हणाले. "बाकी एकाही शब्दात 'प'ने मिटले नाहीत. या तीन चुका नाहीत. ही एकच गोष्ट आहे, आणि ती मी पाहिली नव्हती."

"पण जपानीत तर तिन्हींना त्सुच आहे," प्रणोती म्हणाली. "लोखंडाला आहे तसाच. मग ओळखायचं कसं, कुठल्या त्सुचा ल होणार आणि कुठल्याचा प?"

तेच मला माहीत नव्हतं. मी खडू हातात घेऊन उभी राहिले. मग मागून निगडेबाईंचा आवाज आला, सकाळपासून पहिल्यांदा नीट.

"शोऽ," त्या म्हणाल्या.

मी वळले.

"जोडणं, वेल्डिंगमधलं ते अक्षर. सेत्सु हा आजचा उच्चार. मोठ्या कोशात त्याचा एक जुना उच्चार दिलेला असतो, शोऽ. दमटपणाचं अक्षर शित्सु, त्याचा जुना शूऽ. दाबाचं आत्सु, जुना ओऽ." त्या उठून फळ्यापाशी आल्या. "लोखंडाला असा दुसरा उच्चार नाही. उष्णतेला नाही. घनतेला नाही. या तिघांनाच आहे. शेवट लांबलेला. मी कोशात कितीदा वाचलंय आणि प्रत्येक वेळी ते पान उलटलंय, कारण ते उच्चार कोणी वापरत नाही."

म्हणजे तिथे आधी प होता, तोंडात कमी होत होत हवा झालेला, आणि मागे नुसता लांब स्वर उरलेला. मला ते प्रयोगशाळेतल्या बाष्पीभवनासारखं दिसलं. पाणी गेलं, पण भांड्यावर त्याची रेघ राहिली.

"बाई, आणखी एक अक्षर सांगा," मी म्हणाले. "ज्याला त्सु आहे आणि असा लांब जुना उच्चारही आहे. मी कोरियन उच्चार आधी सांगते. चुकला तर आम्ही सामान भरतो."

रुबिनाने श्वास घेतला तो मला ऐकू आला.

बाईंनी क्षणभर छताकडे पाहिलं. "रित्सु," त्या म्हणाल्या. "उभं राहणं. जुना उच्चार र्यूऽ."

"ज्यात ते येतं असा शब्द द्या."

"दोकुरित्सु," बाई म्हणाल्या आणि म्हटल्याबरोबर त्यांचा हात तोंडावर गेला.

मला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. पण तेव्हा मी अर्थ ऐकतच नव्हते. दोकु, कु आहे म्हणून क. रित्सु, जुना उच्चार लांब, म्हणून ल नाही, प. मी फळ्यावर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं.

"दोक-रिप."

मिन साहेबांनी फळ्यावरचं पुन्हा वाचलं. मग त्यांनी तो शब्द त्यांच्या भाषेत म्हटला. मधले दोन आवाज एकमेकांत मिसळले, दोङ्निप असं काहीसं झालं, आणि शेवटी त्यांचे ओठ घट्ट मिटले. "बोलताना मऊ होतो," ते म्हणाले. "पण लिहितो आम्ही तुम्ही म्हणालात तसाच. अगदी तसाच."

"म्हणजे काय?" ढमढेऱ्यांनी मला हळूच विचारलं.

"स्वातंत्र्य," मी म्हणाले.



निगडेबाई मान खाली घालून उभ्या होत्या. त्या इंग्रजीत म्हणाल्या की त्यांना माफ करावं, हा शब्द त्यांनी जपानीतून काढायला नको होता.

मिन साहेब उठले आणि फळ्याजवळ आले. त्यांनी खडू घेतला. मी तो शब्द घाईत जपानी रकान्यातच लिहिला होता. त्यांनी कोरियन रकान्यात आपल्या लिपीत तो लिहिला, मग चिनी रकान्यात दोन अक्षरं काढली, सावकाश, शाळेत काढतात तशी. प्रणोतीने ती वाचली, "तूली." शेवटी काहीच नाही.

"बाई," मी म्हणाले, "बघा ना. चिनीत शेवट गेला. जपानीने त्याचा त्सु केला. जसा होता तसा फक्त यांनी ठेवला."

मिन साहेबांना मी मराठीत बोललेलं कळलं नसणार. पण त्यांनी फळ्यावरचे तीन रकाने पाहिले आणि ते हसले. आम्ही त्यांना हसताना तोवर पाहिलं नव्हतं. "थोरली," ते म्हणाले.

"थोरली," मी म्हणाले.

त्यांनी ढमढेऱ्यांना सांगितलं की चेन्नईला फोन करून नको म्हणून कळवा. आणि या खोलीत आणखी दोन माणसं द्या, काम खूप आहे. ढमढेरे 'यस सर' म्हणाले आणि बाहेर जाता जाता रुबिनापाशी थांबून म्हणाले की मी सांगितलं होतं ते बोलली असतीस तर गेलो होतो सगळे. रुबिना म्हणाली, "तुम्ही कुठे गेला असता साहेब, आम्ही गेलो असतो."

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. रुबिना आता पुण्यात कोरियन शिकवते आणि तिचे विद्यार्थी सोलमध्ये नोकऱ्या करतात. मी दोन परिषदांमध्ये या विषयावर बोलले. तिथे मला सौजन्याने सांगण्यात आलं की त्या जुन्या 'प'बद्दल विद्वानांना फार पूर्वीपासून माहीत आहे. मला त्याचं काही वाटलं नाही. आम्हांला कोणी सांगितलेलं नव्हतं. आम्ही तो स्वतः गाठला, एका दुपारी, चौघींनी.

त्या दुपारी ढमढेरे गेल्यावर मिन साहेब निगडेबाईंसाठी थांबले. त्यांनी बाईंना तो शब्द कोरियनमध्ये म्हणायला सांगितला. बाई चाचरल्या. पहिल्यांदा त्यांच्या जिभेने सवयीने शेवटी उकार जोडला. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्यांदा त्या मधेच अडल्या. मग त्या ताठ उभ्या राहिल्या, वाकल्या नाहीत, आणि तीस वर्षं विद्यार्थ्यांना ज्या आवाजात सांगत आल्या होत्या त्या आवाजात त्यांनी म्हटलं, "दोङ्निप." ओठ मिटले आणि मिटलेलेच राहिले. मिन साहेबांनी टाळी वाजवली. मग रुबिनाने वाजवली, मग प्रणोतीने, आणि मग आमच्या शांत विभागात, आवाज बाहेर जाईल याची पर्वा न करता, मी.